पकड : पाथरीच्या कुलकर्ण्यांची तोफ ते ओझरचे टायटॅनियम

१/
धातू कापण्याच्या इतिहासात कापणाऱ्या हत्याराची कथा पुष्कळदा सांगितली जाते. कापताना ती वस्तू धरून कशी ठेवली, याची कथा क्वचितच. टायटॅनियमचा अवजड ठोकळा कोरून त्यातून विमानाच्या सांगाड्याचा भाग काढायचा, तर तो ठोकळा पक्का धरायचा कसा? महाराष्ट्रात हा प्रश्न नाशिकजवळच्या ओझरला सोडवावा लागला. त्याची मुळे मात्र तोफांच्या काळात आहेत आणि दख्खनमधल्या सर्वांत प्रसिद्ध तोफेचा धागा परभणी जिल्ह्यातल्या पाथरीपर्यंत पोहोचतो. हा थ्रेड त्या पकडीच्या इतिहासाचा.

२/
गोदावरीच्या उत्तरेला वसलेले पाथरी आज अनेकांना साईबाबांच्या जन्मस्थानाच्या चर्चेमुळे ठाऊक आहे. मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव वेगळ्या कारणाने येते. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तान्तानुसार, अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. त्या घराण्यातला एक मुलगा विजयनगरच्या राज्यात बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे मलिक हसन या नावाने बहमनी दरबारात सर्वोच्च पदापर्यंत पोहोचला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली. तीच निजामशाही.

३/
मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह. पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात असावे, असा त्याचा हट्ट होता. पण पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. मोबदल्यात दुसरा मुलूख देण्याचा प्रस्ताव फेटाळला गेल्यावर त्याने १५१८ च्या सुमारास पाथरी जिंकून घेतली. इमादशहाने ती परत मिळवली, बुऱ्हाणने पुन्हा घेतली. एका गावासाठी दोन सुलतानी इतकी वर्षे झगडत राहिल्या. अशा सततच्या युद्धांच्या काळात तोफ ही राज्याची गरज झाली होती.

४/
याच बुऱ्हाण निजामशाहाच्या कारकिर्दीत, १५४९ मध्ये, अहमदनगरला एक प्रचंड तोफ ओतली गेली : मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाची स्वामिनी. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे ५५ टन, आणि नळीचा आतला व्यास सुमारे ७० सेंटीमीटर. ती ओतणारा कारागीर महंमद हा ‘रूमी’, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला होता. त्याचे नाव तोफेवर कोरलेले आहे. पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली आणि आजही तिथल्या शेरझा बुरुजावर आहे.

५/
आता एक साधा प्रश्न. तोफेची नळी पोकळ कशी होते? त्या काळी मोठ्या तोफा गाभ्याभोवती ओतल्या जात. लोखंडी दांड्यावर मातीचे थर चढवून गाभा बनवायचा, तो साच्याच्या मधोमध उभा करायचा आणि भोवतीच्या पोकळीत वितळलेले कांस्य सोडायचे. धातू थंड झाला की गाभा फोडून काढायचा. गाभ्याची जागा म्हणजेच तोफेची नळी. ऐकायला सोपे वाटते, पण अडचण गाभा धरून ठेवण्यात होती.

६/
वितळलेले कांस्य मातीपेक्षा कितीतरी जड असते. त्यामुळे मातीचा गाभा त्यात, पाण्यात लाकूड तरंगावे तसा, वर उचलला जाऊ पाहतो आणि एका बाजूला कलतो. तो बोटभर जरी कलला तरी तोफेची एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. पातळ बाजू बारुदाच्या स्फोटाने फुटते आणि मरतात ते आपलेच गोलंदाज. म्हणून ओतारी लोखंडी आधार लावून गाभा साच्यात जखडत. तोफ चांगली की वाईट, हे धातू ओतण्याआधी त्या आधारांनीच बरेचसे ठरलेले असे.

७/
धरणे ही गोष्ट कारागिराला नवीन नाही. लोहाराची सांडस लाल झालेले लोखंड ऐरणीवर धरते. सोनार पातळ पत्र्यावर नक्षी ठोकण्याआधी तो पत्रा लाखेत किंवा राळेत बसवतो, म्हणजे मागून भक्कम आधार मिळतो आणि पत्रा चेमटत नाही. घरातली विळी तर उलट्या न्यायाने चालते : पाते पायाखाली स्थिर आणि भाजी दोन्ही हातांत फिरती. हत्यार हलवायचे की वस्तू हलवायची, आणि जे स्थिर ठेवायचे ते कशाच्या आधाराने, हा निर्णय प्रत्येक धंद्याने आपापल्या परीने केलेला आहे.

८/
युरोपात अठराव्या शतकात तोफखान्यांनी हाच निर्णय बदलला. स्विस कारागीर योहान मारित्झ याने १७१३ च्या सुमारास तोफ भरीव ओतून नंतर तिला भोक पाडण्याची पद्धत रूढ करण्यास सुरुवात केली. गाभा गेला, त्यासोबत गाभा कलण्याचा धोकाही गेला. पण अडचण संपली नाही. तिने जागा बदलली. आता कित्येक टनांची भरीव तोफ यंत्रावर अशी धरावी लागे की भोक पाडताना ती केसभरही सरकणार नाही.

९/
लंडनजवळच्या वुलिच तोफखान्यात यान व्हर्ब्रुगन याने १७७० पासून तोफ आडवी ठेवून भोक पाडायला सुरुवात केली. तिथे तोफच फिरे आणि कापणारे हत्यार न फिरता हळूहळू आत सरके. म्हणजे विळीचाच न्याय! फिरणाऱ्या तोफेत भोक तिच्या स्वतःच्या अक्षाशी जुळून राहते. याच दशकात जॉन विल्किन्सनने वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर कोरण्याचे यंत्र बनवले. त्यात हत्याराचा दांडा दोन्ही टोकांना टेकवलेला होता, त्यामुळे तो लोंबकळत नसे.

१०/
जेम्स वॉटची वाफेच्या इंजिनाची कल्पना १७६५ पासून तयार होती. पण दट्ट्या आणि सिलिंडर यांत फट राहून वाफ निसटत असे. १७७५ मध्ये विल्किन्सनच्या यंत्राने ती फट पुरेशी कमी केली आणि पुढच्याच वर्षी वॉटची इंजिने प्रत्यक्ष कामाला लागली. औद्योगिक क्रांतीच्या पुस्तकांत वॉटचे नाव ठळक असते. त्या क्रांतीचा एक पाय मात्र दोन्ही टोकांना नीट टेकवलेल्या एका दांड्यावर उभा होता.

११/
तोफेच्या भोकाने विज्ञानालाही एक धडा दिला. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्ड याने मुद्दाम बोथट हत्यार वापरून पाण्यात बुडवलेल्या तोफेला भोक पाडले. सुमारे अडीच तासांत ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. १७९८ मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला : उष्णता ही घर्षणातून, गतीतून निर्माण होते. धातू कापणे म्हणजे उष्णता निर्माण करणे, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी. टायटॅनियमच्या प्रकरणात तीच मुख्य अडचण ठरते.

१२/
पुढचा टप्पा अमेरिकेतला. १८२० च्या दशकात हार्पर्स फेरी इथल्या शस्त्रशाळेत जॉन हॉल असे सुटे भाग बनवू पाहत होता, जे कोणत्याही बंदुकीत बसतील. प्रत्येक भागावर अनेक यंत्रांवर काम होई आणि दर वेळी तो नव्याने धरला की थोडी चूक वाढे. हॉलने उपाय काढला : प्रत्येक भागावर एकच आधारबिंदू ठरवायचा आणि सगळ्या फिक्स्चरमध्ये तो भाग त्याच बिंदूवरून बसवायचा. फिक्स्चर म्हणजे विशिष्ट भागासाठी खास बनवलेला, त्याला नेमक्या जागी बसवून जखडणारा आधार.

१३/
यातूनच कारखान्यांचा तीन-दोन-एक हा नियम समजतो. मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते : तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. तिच्या तळाला तीन बिंदूंचा आधार द्यावा, बाजूला दोन आणि टोकाला एक. सहा बिंदूंत तिची जागा निश्चित होते. तळाला तीनच का? तिपाई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही; चार पायांची खुर्ची मात्र उंचसखल फरशीवर डुलते. जागा ठरवणे हे बिंदूंचे काम. त्या जागेवर दाबून ठेवणे हे क्लॅम्पचे. ही दोन कामे वेगळी आहेत, हे पुढे फार महत्त्वाचे ठरते.

१४/
महाराष्ट्रातही विसाव्या शतकात यंत्रांची ही भाषा रुजू लागली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली; नांगरांपासून सुरू झालेला हा उद्योगसमूह १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारी कंपनी काढण्यापर्यंत पोहोचला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. आजच्या एचएएलचे मूळ तिथे आहे.

१५/
१९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला. त्याच वर्षअखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगसाठी तीन ठिकाणे ठरली : इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळ, निफाड तालुक्यातल्या ओझरला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी या नव्या कंपनीचे बंगळूरच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स अस्तित्वात आली. परिसरातले लोक आजही ‘ओझर मिग’ असेच म्हणतात.

१६/
आता टायटॅनियमकडे. १७९१ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत एक नवे मूलद्रव्य आढळले. १७९५ मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला टायटॅनियम हे नाव दिले. तशीच काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी आणि मालगुंडच्या परिसरातही आहे. वाळूतून शुद्ध धातू काढणे मात्र फार अवघड. विल्हेल्म क्रोल याने १९३० च्या दशकात त्याची व्यवहार्य रीत शोधली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत व्यापारी उत्पादन सुरू झाले.

१७/
विमानाला हा धातू का हवा? पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट, ॲल्युमिनियमची पावणेतीन पट, टायटॅनियमची साडेचार पट. टायटॅनियमचे मिश्रधातू पुष्कळ पोलादांच्या तोडीचे बळकट असतात, गंजत नाहीत आणि ॲल्युमिनियम जिथे मऊ पडू लागते त्या तापमानातही टिकतात. शिवाय कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाला चिकटून बसवले तर ॲल्युमिनियम झिजते, टायटॅनियम झिजत नाही. म्हणूनच निम्मे वजन संमिश्र पदार्थांचे असलेल्या बोइंग ७८७ मध्ये सुमारे १५ टक्के वजन टायटॅनियमचे आहे.

१८/
या धातूने पहिला मोठा धडा शिकवला तो अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीला. १९६२ मध्ये उडालेले तिचे ए-१२ हे हेर विमान बहुतांश टायटॅनियमचे होते. सुरुवातीला एक ड्रिल जेमतेम सतरा भोके पाडून निकामी होई. गंमत अशी की, या विमानासाठी लागणाऱ्या टायटॅनियमचा काही भाग मध्यस्थांमार्फत सोव्हिएत संघातूनच विकत घेतलेला होता. ज्या देशावर हेरगिरी करायची, त्याच देशाच्या धातूने ते विमान घडले.

१९/
टायटॅनियम इतके हट्टी का? पहिले कारण रम्फर्डच्या प्रयोगातले : उष्णता. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून उष्णता झपाट्याने वाहून जाते; टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता त्याच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच. त्यामुळे कापताना निर्माण झालेली बहुतेक उष्णता हत्याराच्या धारेवर साचते आणि धार जळते. यावर उपाय एकच, सावकाश कापणे. ॲल्युमिनियम मिनिटाला शेकडो, प्रसंगी हजारो मीटर वेगाने कापता येते. टायटॅनियमच्या ओबडधोबड कापणीचा वेग मिनिटाला ५० मीटरच्या आसपास असतो.

२०/
वेग कमी, म्हणून प्रत्येक फेरीत जाड काप घ्यायचा. जाड काप म्हणजे मोठा धक्का. त्यात टायटॅनियमचा काप सलग निघत नाही, तुकड्यातुकड्यांत तुटतो, त्यामुळे बल सतत वरखाली होते आणि वस्तू थरथरू लागते. तिसरी गोष्ट, हा धातू पोलादाइतका बळकट असूनही ताठपणात त्याच्या सुमारे निम्मा आहे. हत्याराने दाबले की पातळ भिंत मागे झुकते आणि हत्यार पुढे गेले की परत येते. मग माप चुकते. थरथर वाढली की धार तुटते. म्हणजे धातू जितका हट्टी, तितकी पकड भक्कम हवी.

२१/
नेहमीच्या पकडी इथे कमी पडतात. पोलादाचा तुकडा चुंबकी टेबलावर चिकटवता येतो. टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही. ॲल्युमिनियमचे रुंद पत्रे निर्वात शोषणाने धरतात. पण शोषणाची ताकद वातावरणाच्या दाबाइतकीच, दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक किलो. ॲल्युमिनियमच्या हलक्या कापांना ती पुरते, टायटॅनियमच्या धक्क्यांना नाही. साध्या वाइसच्या जबड्यात दोन मीटर रुंदीचा वेडावाकडा ठोकळा मावत नाही. म्हणून मोठ्या भागासाठी पोलादाचे किंवा ओतीव लोखंडाचे वजनदार फिक्स्चर स्वतंत्रपणे बनवावे लागते.

२२/
किती धातू काढावा लागतो, याचा अंदाज अमेरिकेच्या एफ-२२ विमानावरून येतो. त्याच्या मध्यभागातली एक आडवी चौकट टायटॅनियमच्या एकाच फोर्जिंगमधून, म्हणजे तापवून प्रचंड दाबाखाली घडवलेल्या कच्च्या आकारातून, कोरली जाते. फोर्जिंगचे वजन पावणेतीन ते तीन टनांच्या घरात. तयार चौकटीचे दीडशे किलोच्या आसपास. वीस भागांतले एकोणीस भाग भुशासारखे निघून जातात. सुरुवातीला डोंगरासारखा असलेला ठोकळा शेवटी जाळीसारखा होतो, आणि पकड दोन्ही अवस्थांत तितकीच विश्वासाची हवी.

२३/
इथे खरा पेच सुरू होतो. फोर्जिंग थंड होताना तिच्या आत ताण अडकून राहतात. ठोकळा अखंड असतो तोवर ते एकमेकांना तोलून धरतात. एका बाजूचा धातू काढला की तोल जातो आणि वस्तू आपोआप वाकते, पिळवटते. पावसाळ्यात ओल्या लाकडाची फळी पिळवटावी तसे. आता कारागिरासमोर मोह असतो : क्लॅम्प आणखी आवळा, वाकलेली वस्तू दाबून सपाट करा आणि कापा. तसे केले तर काम यंत्रावर अगदी सपाट दिसते. क्लॅम्प सोडताक्षणी ते पुन्हा वाकते.

२४/
म्हणून जाणकार रीत वेगळी आहे. प्रथम दोन्ही बाजूंनी बराचसा धातू ओबडधोबड काढायचा. मग सगळे क्लॅम्प सोडायचे आणि वस्तूला जसे वाकायचे तसे वाकू द्यायचे. ती शांत झाली की तिच्याखाली जिथे फट राहिली तिथे नेमक्या जाडीच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, भरायच्या. फट दाबून बंद करायची नाही. मग आधाराचे पृष्ठ नव्याने कापून घ्यायचे आणि शेवटचे हलके काप मारायचे. क्लॅम्पने वस्तूला धरायचे असते, तिला सक्ती करायची नसते. तीन-दोन-एकच्या नियमात जागा ठरवणे आणि दाबणे वेगळे ठेवले होते, ते यासाठीच.

२५/
बाकीच्या युक्तीही याच विचारातून आलेल्या. भागाच्या कडेला मुद्दाम जादा धातूचे ‘कान’ ठेवतात; बोल्ट त्या कानांतून जातात, म्हणजे क्लॅम्प हत्याराच्या वाटेत येत नाही. सगळे काम झाले की कान कापून टाकतात. पातळ भिंतींखाली आधाराचे असे खुंट लावतात, जे हलक्या स्प्रिंगने वर येऊन वस्तूला नुसते टेकतात आणि मग त्याच उंचीवर कुलूपबंद होतात. फारच नाजूक भागांभोवती कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून आधार देण्याचीही पद्धत आहे. काम संपल्यावर तो वितळवून काढतात. पाथरीच्या बाजारातल्या सोनाराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. त्याची लाख तेच करते.

२६/
ओझरला मिग-२१ नंतर मिग-२७ आले आणि मग सुखोई-३० एमकेआय. डिसेंबर २००० मधल्या करारानुसार ही विमाने भारतात बांधायची होती आणि २००४ मध्ये पहिले विमान हवाई दलाला मिळाले. आधी तयार संच जोडणे, मग सुटे भाग बनवणे आणि शेवटी कच्च्या धातूपासून सुरुवात, असे टप्पे होते. सुखोईच्या या कुळात टायटॅनियमचा वापर मोठा. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर ओझरच्या यंत्रांवर टायटॅनियमचे कच्चे ठोकळे येऊन बसले आणि ते धरायचे कसे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या कारखान्यात येऊन उभा राहिला.

२७/
२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सुखोईच्या सुमारे ४३,००० भागांपैकी ३१,५०० भाग, म्हणजे ७३ टक्के, भारतात बनत होते. पण कच्चा माल रशियाकडूनच घेण्याची अट करारात होती आणि त्यात टायटॅनियमचे ५,८०० ठोकळे आणि फोर्जिंग होते. उरल पर्वतातले व्हेर्खनाया साल्दा हे गाव १९५७ पासून टायटॅनियम ओतते आहे. काळी वाळू रत्नागिरीला आहे, केरळच्या चवरा इथे २०११ पासून टायटॅनियम स्पंज बनवणारा, वर्षाला ५०० टन क्षमतेचा कारखानाही आहे. तरीही वाळू ते फोर्जिंग ही साखळी लांब आहे. धातू आपला नसताना जे आपले झाले, ते तो धरण्याचे आणि कापण्याचे कौशल्य.

२८/
तंत्रज्ञान हस्तांतर म्हटले की नकाशे आणि आराखडे डोळ्यांपुढे येतात. तयार भागाचा आराखडा सांगतो की भाग शेवटी कसा दिसावा. तो मधल्या तीस-चाळीस पायऱ्यांत कुठे टेकवावा, कोणता बोल्ट आधी आवळावा, कोणत्या कोपऱ्याला किती जाडीची शिम लागते, कोणता आवाज आला की यंत्र थांबवावे, यातले बरेचसे कागदावर उतरत नाही. ते फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांच्या हातांत आणि कानांत राहते. नव्या माणसाला ते जुन्याच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहूनच मिळते.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने काळजी करावी अशी गोष्ट इथे आहे. तयार विमाने संग्रहालयांत जातात, चौकांत उभी राहतात. फिक्स्चर मात्र एकाच भागापुरते असते. त्या भागाचे उत्पादन थांबले की त्याचा उपयोग संपतो आणि त्याची वाट भंगाराकडे जाते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभपूर्वक मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तेजसच्या नव्या उत्पादन मालिकेचे उद्घाटन झाले. या दोन तारखांची नोंद इतिहासात सहज होईल. १९६० आणि ७० च्या दशकांत ओझरला मिगचे भाग ज्यांनी धरले, त्यांची पिढी आता वार्धक्यात आहे.

३०/
दख्खनच्या इतिहासाची साधने म्हणून आपण फर्माने, बखरी, शिलालेख वाचतो. निजामशाहीबद्दल पाथरीच्या कुलकर्ण्यांपासून पाथरीच्या लढायांपर्यंत पुष्कळ लिहून ठेवलेले आहे. अहमदनगरच्या त्या भट्टीवर गाभा धरून ठेवणाऱ्या हातांबद्दल तसे नाही; तिथे ओतणाऱ्या उस्तादाचे नाव तेवढे टिकले, आणि तेही त्याने ते कांस्यातच कोरून ठेवले म्हणून. आजच्या फिक्स्चरवर नाव नसते, फक्त क्रमांक असतो.

३१/
गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून नाशिकवरून वाहत येते आणि पुढे पाथरी तालुक्याच्या दक्षिणेने जाते. एकाच नदीच्या खोऱ्यात पाथरी आहे आणि ओझरही. ज्यांच्या घरात, शेजारात, नात्यात एचएएलमधून, किर्लोस्करांकडून किंवा कुठल्याही कारखान्याच्या मशिनशॉपमधून निवृत्त झालेले काका, मामा, आजोबा आहेत, त्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा : ‘सर्वांत अवघड जॉब कोणता होता आणि तो तुम्ही धरला कसा?’ उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, सोबत नाव आणि साल लिहावे. विजापूरच्या बुरुजावर एका कारागिराचे नाव पावणेपाचशे वर्षे टिकले आहे. इतरांची नावे टिकवण्याचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

(थ्रेड समाप्त)